लघवीची गोळी मूत्रपिंडात नेमकी कुठे लागते?

फ्रुसेमाइड, टॉरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, स्पायरोनोलॅक्टोन. ही पाच वेगवेगळी औषधं आहेत, पण घरात सगळ्यांना नाव एकच, लघवीची गोळी. नाहीतर सुजेची गोळी. परभणी-बीडच्या कुठल्याही मेडिकलवर चिठ्ठीशिवाय ती याच नावानं मागितली जाते आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपणही घेतली जाते. इथेच घोटाळा होतो. यातल्या एका गोळीनं रक्तातलं पोटॅशियम उतरतं, तर दुसरीनं चढतं. एकीचा जोर सहा तासांत संपतो, दुसरीचा परिणाम दिसायलाच दोन-तीन दिवस लागतात. एक सुजेवर भारी, तर दुसरी सुजेवर कमकुवत पण रक्तदाबावर चांगली. हे सगळे फरक एकाच गोष्टीतून येतात. मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्या कोणत्या टप्प्यावर ते औषध अडथळा आणतं, त्यावर ते ठरतं.

आधी मीठ निघतं, मग पाणी

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून नळ्यांमध्ये सोडतात. त्या पाण्यासोबत जवळपास दीड किलो मीठही नळीत उतरतं. एवढं सगळं बाहेर गेलं असतं तर माणूस तासाभरातच कोसळला असता. म्हणून नळीच्या भिंतीतल्या पेशी त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात ओढून घेतात आणि लघवी म्हणून दीड-दोन लिटरच बाहेर पडते.

मूत्रपिंडाचं खरं काम हे असं परत घेण्याचं आहे. लघवीची गोळी नवी लघवी तयार करत नाही, मूत्रपिंड धुऊनही काढत नाही. परत घेतल्या जाणाऱ्या मिठातला काही वाटा ती नळीतच अडवून ठेवते आणि त्या मिठाला धरून पाणीही नळीतच राहतं. म्हणून सुजेचा हिशोब पाण्याआधी मिठाचा असतो. शरीरात साचलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे साधारण नऊ ग्रॅम मीठ असतं. सलाईनच्या बाटलीतही हेच प्रमाण आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा आहे पाच ग्रॅम. हृदय कमकुवत असलेल्या, पाय सुजलेल्या माणसाला "अशक्तपणा आलाय" म्हणून सलाईन लावणं किती चुकीचं आहे, ते एवढ्यावरून कळेल.

जायकवाडीचा डावा कालवा पाहिलेल्यांना ही नळी लवकर समजेल. हेडचे शेतकरी सर्वांत जास्त पाणी उचलतात, मधल्या टप्प्यातही मोठा उपसा होतो आणि टेलला थोडंच पोचतं. हेडचा उपसा बंद केला तरी पाणी वाहून जात नाही, खालचे तहानलेले शेतकरी ते ओढून घेतात. टेलचा बंद केला तर मुळात तिथं पोचणारं पाणीच थोडं, म्हणून फरकही थोडाच पडतो. मधला मोठा उपसा बंद केला, तर मात्र एवढं पाणी टेलला येतं की तिथल्या मोटारींना ते आवरत नाही.

नळीतल्या मिठाचंही असंच आहे. सुरुवातीची वळणदार नळी सुमारे ६५ टक्के मीठ परत घेते. पुढे केसाच्या आकड्यासारखा खाली जाऊन वर येणारा भाग लागतो, त्याला हेन्लेचा लूप म्हणतात. त्याची वर चढणारी जाड बाजू सुमारे २५ टक्के घेते. त्यानंतरची दूरची वळणदार नळी पाच टक्क्यांच्या आसपास आणि शेवटची संचय नळी दोन-तीन टक्के. शेवटचा हा वाटा छोटा असला तरी शरीर मिठाचा आणि पोटॅशियमचा अंतिम हिशोब तिथेच करतं.

सुरुवातीचा टप्पा

काचबिंदूच्या किंवा उंच डोंगरावर विरळ हवेचा त्रास होणाऱ्या रुग्णाला ॲसिटाझोलामाइड देतात. ते या पहिल्या टप्प्यात काम करतं. बायकार्बोनेट परत घेण्यासाठी लागणारं एन्झाइम ते बंद करतं, त्यामुळे बायकार्बोनेट आणि त्यासोबत मिठातला सोडियम हा घटक लघवीत जातो. पण अडवलेलं बरंचसं मीठ खालचे टप्पे उचलतात. शिवाय दोन-तीन दिवसांत रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि औषधाला अडवायला फारसं काही उरत नाही. म्हणून सुजेसाठी ते एकटं सहसा वापरत नाहीत.

मॅनिटॉलची गोष्ट वेगळी आहे. नळीतलं मीठ-साखर उचलून परत पेशीत नेणाऱ्या प्रथिनाला वाहक म्हणतात, मॅनिटॉल असा कुठलाही वाहक बंद करत नाही. शिरेतून दिलेली ही साखर नळीत गाळली जाते, परत शोषली जात नाही आणि पाण्याला धरून ठेवते. मेंदूला सूज आली की ते रुग्णालयात देतात. हृदय कमकुवत असेल तर ते धोक्याचं, कारण आधी ते पेशींमधलं पाणी रक्तात ओढून आणतं आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं.

या टप्प्यावर सध्या सर्वांत महत्त्वाची औषधं आहेत डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. मूळची ही मधुमेहाची औषधं. गाळून नळीत उतरलेली साखर परत घेणारा वाहक सोडियमलाही सोबत घेऊन जातो. ही औषधं तो वाहक बंद करतात, त्यामुळे साखर, थोडं सोडियम आणि पाणी लघवीत जातं. लघवी वाढण्याचा परिणाम सौम्यच असतो, पण हृदयाचं बळ कमी झालेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात मधुमेह नसतानाही त्यांचा चांगला फायदा होतो, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० साली संपल्यावर ते खूप स्वस्त झालं आणि आता तालुक्याच्या मेडिकलवरही मिळतं.

मराठवाड्यातल्या घरांनी यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. तुळजापूर आणि माहूरच्या या मुलखात नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करणारे खूप आहेत. ही गोळी सुरू असताना उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन ॲसिड साचू शकतं. ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास ही त्याची लक्षणं. मोठा उपवास असेल तर गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची ते घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. ठरलेल्या ऑपरेशनआधी तर ती साधारण तीन दिवस बंद ठेवतात. लघवीत साखर जात असल्यानं जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून लघवीनंतर जागा पाण्यानं धुऊन कोरडी करावी.

लूपची औषधं: फ्रुसेमाइड आणि टॉरसेमाइड

सूज भराभर उतरवायची तर हीच. लूपच्या चढत्या बाजूला एक वाहक असतो. तो एका वेळी एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड उचलून पेशीत नेतो. ही औषधं त्यातली क्लोराइडची जागा अडवतात. पूर्ण जोरात असताना गाळलेल्या मिठातलं २० ते २५ टक्क्यांपर्यंत मीठ लघवीत जाऊ शकतं, एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याही वर्गात नाही.

औषध तिथं पोचतं कसं, हे समजून घेणं फार उपयोगाचं आहे. फ्रुसेमाइड रक्तात जवळजवळ सगळंच अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, त्यामुळे ते गाळणीतून खाली उतरत नाही. सुरुवातीच्या नळीच्या पेशी ते रक्तातून उचलून नळीच्या आत टाकतात. मग ते प्रवाहासोबत लूपपर्यंत जातं आणि आतल्या बाजूनं वाहक अडवतं. म्हणजे ते लघवीत पोचलं तरच लागू पडतं. मूत्रपिंड निकामी होत असेल तर रक्तात साचलेली आम्लं त्याच दारातून आत जाण्यासाठी औषधाशी स्पर्धा करतात, म्हणून अशा रुग्णाला डोस जास्त लागतो. "किडनी खराब आणि वर एवढा मोठा डोस?" असं नातेवाइकांना वाटतं, पण कमी डोस दिला तर तो पोचतच नाही.

यातूनच दुसरी गोष्ट येते. या औषधाला एक उंबरठा असतो. त्याखालच्या डोसनं काहीच होत नाही, तो ओलांडला की लघवी भराभर येते, आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी जास्त मीठ निघत नाही. म्हणून ४० मिलिग्रॅमच्या गोळीनं लघवी वाढलीच नाही, तर तीच गोळी दिवसातून दोनदा घेऊन उपयोग होत नाही. डॉक्टर आधी एका वेळचा डोस वाढवतात. डोस लागू पडतो आहे पण दुपारनंतर सूज परत चढते, असं असेल तर तोच डोस दोनदा देतात. हा निर्णय लघवी, रक्तदाब आणि तपासण्या बघून घ्यायचा असतो, घरी अंदाजानं नाही.

तोंडानं घेतलेल्या फ्रुसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि सहा-एक तासांत संपतो. शिरेतून दिलं तर पाच मिनिटांत सुरू होतं आणि दोन तासांत ओसरतं. पोटातून ते किती शोषलं जाईल याचा भरवसा नाही. सरासरी निम्मं शोषलं जातं, पण एका माणसात १० टक्के तर दुसऱ्यात ९० टक्के असंही होतं. हृदय कमकुवत होऊन आतड्याच्या भिंतीला सूज आली की शोषण आणखी मंदावतं. महिनाभर लागू पडणारी गोळी अचानक निकामी वाटते आणि रुग्णालयात तेच औषध शिरेतून दिल्यावर तासाभरात लघवी होते, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. टॉरसेमाइड ८० ते १०० टक्के शोषलं जातं आणि जास्त वेळ टिकतं. म्हणून अनेक डॉक्टर ते पसंत करतात. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत हृदयरुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गोळ्यांत फरक आढळला नाही. फ्रुसेमाइड ४० मिलिग्रॅमची गोळी, फ्रुसेमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून आणि टॉरसेमाइड २० मिलिग्रॅम साधारण सारख्या ताकदीचे धरतात. म्हणून मेडिकलवाल्यानं "हेच आहे" म्हणून ४०च्या फ्रुसेमाइडऐवजी ४०चं टॉरसेमाइड दिलं, तर डोस जवळपास दुप्पट होतो.

सहा तासांचा हा हिशोब रोजच्या जगण्यात फार कामाचा आहे. एसटीनं जालन्याला जायचं आहे, लग्नाला जायचं आहे, दिवसभर कापूस वेचायचा आहे आणि आसपास संडास नाही, अशा दिवशी कितीतरी माणसं, विशेषतः बाया, गोळीच चुकवतात. असे चार दिवस चुकले की पाय टम्म होतात. गोळी चुकवण्याची गरज नसते, वेळ हलवता येते. सकाळी लवकर प्रवास असेल तर दुपारी पोचल्यावर घेतलेली चालते. दोन वेळा घेत असाल तर दुसरी दुपारी चारच्या आत घ्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही आणि अंधारात उठून पडण्याचा धोका टळतो. हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. त्यांना सांगितलं नाही तर गोळी लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतील.

लूप बंद झाल्याचे दुष्परिणामही जागेवरूनच कळतात. त्या बाजूनं एरवी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही परत घेतलं जातं, ते लघवीत जाऊ लागतं. आणि न घेतलेलं बरंच सोडियम शेवटच्या टप्प्यावर येऊन आदळतं. तिथल्या पेशी ते आत घेताना बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतात. म्हणून पोटॅशियम उतरतं, पायात पेटके येतात, अशक्तपणा वाटतो, हृदयाचे ठोके चुकू शकतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर कमी पोटॅशियम जास्तच धोक्याचं. मोठा डोस शिरेतून घाईनं दिला तर कानात गुणगुण किंवा बहिरेपणा येऊ शकतो, म्हणून मोठे डोस मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगानं देत नाहीत.

थायझाइड: रक्तदाबाची जोडगोळी

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही दूरच्या वळणदार नळीतला सोडियम-क्लोराइड वाहक अडवतात. तिथं पाचच टक्के मीठ येतं, म्हणून मोठ्या सुजेवर त्यांचा जोर कमी. रक्तदाबावर मात्र त्या उत्तम, कारण परिणाम दिवसभर टिकतो आणि काही आठवड्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात. क्लोरथॅलिडोनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच ४० ते ६० तास लागतात. तरी जास्त टिकतं म्हणजे जास्त वाचवतं असं नाही. २०२२ साली १३ हजारांहून अधिक माजी अमेरिकी सैनिकांवरच्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात ते हायड्रोक्लोरोथायझाइडपेक्षा सरस ठरलं नाही, पोटॅशियम मात्र त्यानं जास्त उतरलं. मूत्रपिंड बरंच खराब झालं की थायझाइड चालत नाहीत असं पूर्वी मानत. २०२१च्या एका चाचणीत अशा रुग्णांतही क्लोरथॅलिडोननं रक्तदाब चांगला उतरला.

बऱ्याच जणांना आपण थायझाइड घेतो हे माहीतच नसतं. टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे "एच" असेल तर त्यात सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम असतं, "सीटी" असेल तर क्लोरथॅलिडोन. पाकिटावरचा बारीक मजकूर वाचावा किंवा मेडिकलवर वाचून घ्यावा. ही गोळी सुरू असतानाच सुजेसाठी वेगळी लघवीची गोळी घेतली, तर दोन टप्पे एकदम बंद होतात.

थायझाइडचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे रक्तातलं सोडियम उतरणं. कमी ताकदीची गोळी असूनही हा प्रकार लूपच्या औषधांपेक्षा थायझाइडनं जास्त होतो, आणि त्याचं कारण पुन्हा जागेत आहे. लूपची बाजू मूत्रपिंडाच्या गाभ्यात मीठ साठवते आणि त्या साठ्याच्या जोरावर शेवटची नळी पाणी परत ओढते. फ्रुसेमाइडनं हा साठाच मोडतो, म्हणून जास्तीचं पाणीही बाहेर जातं. थायझाइड तो साठा तसाच ठेवतं. शरीर पाणी परत ओढत राहतं, मीठ मात्र जात राहतं. अशा माणसानं भरपूर साधं पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं.

हे बहुतेक वेळा वृद्धांना, त्यातही कमी वजनाच्या वृद्ध बायांना, गोळी सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत होतं. नांदेड-परभणीचा मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमान, घाम, जेवण कमी, तहानेनं पाणी भरपूर. आजी सुस्त होते, मळमळ म्हणते, तोल जातो, मग असंबद्ध बोलू लागते. घरातले म्हणतात ऊन लागलं. अशा वेळी रक्तातलं सोडियम त्याच दिवशी तपासायला हवं. १२५च्या खाली उतरल्यावर झटके येऊ शकतात. आणि ते घाईनं वाढवणंही मेंदूला घातक असतं, म्हणून हा उपचार रुग्णालयातच व्हावा.

थायझाइडनं युरिक ॲसिड वाढून गाऊटचा, म्हणजे सांधा सुजून दुखण्याचा, झटका येऊ शकतो आणि साखर थोडी वाढू शकते. कॅल्शियम मात्र लूपच्या औषधांच्या उलट शरीरात राहतं. म्हणून लघवीतून कॅल्शियम जास्त जाणाऱ्यांना मुतखड्यासाठी ती देत आले आहेत, जरी २०२३च्या एका चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइडचा स्पष्ट फायदा दिसला नाही.

शेवटचा टप्पा आणि पोटॅशियम

संचय नळीत अल्डोस्टेरोन या हार्मोनची सत्ता चालते. ते पेशीला सोडियमची दारं वाढवायला सांगतं, सोडियम आत येतं आणि पोटॅशियम बाहेर जातं. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन त्या हार्मोनचाच आदेश अडवतात. अमिलोराइड थेट सोडियमचं दार बंद करतं. परिणाम एकच: मीठ थोडं निघतं, पोटॅशियम शरीरात राहतं.

स्पायरोनोलॅक्टोन लूपच्या औषधासारखं नळीच्या आतून काम करत नाही, ते रक्ताच्या बाजूनं पेशीत शिरतं आणि नव्या प्रथिनांची निर्मिती थांबवतं. जुनी प्रथिनं झिजायला वेळ लागतो, म्हणून परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि गोळी बंद केल्यावरही काही दिवस राहतो. आज घेतली आणि आज लघवी वाढली नाही म्हणून ती वाया गेली असं समजू नये. यकृत कडक होऊन पोटात पाणी झालेल्यांना, म्हणजे जलोदरात, अल्डोस्टेरोन खूप वाढलेलं असतं. तिथं हेच मुख्य औषध. स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅमला फ्रुसेमाइड ४० मिलिग्रॅम या प्रमाणात ते देतात आणि पायावर सूज नसेल तर रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू देत नाहीत. पुरुषांना छातीला गाठीसारखी दुखरी सूज येऊ शकते. लाजेनं गोळी सोडून देण्यापेक्षा सांगावं, एप्लेरेनोन हा पर्याय आहे.

१९९९ साली हृदयाचं बळ खूप कमी झालेल्या रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. मग ते जगभर भराभर लिहिलं गेलं, तपासण्या मात्र तेवढ्या झाल्या नाहीत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पोटॅशियम वाढून भरती होणारे वृद्ध वाढले, हे २००४ साली उघड झालं. पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढत जातो आणि आधी काही लक्षण दिसेलच असं नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आठवड्यानं आणि महिन्यानं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचं.

खाण्याचा सल्लाही यावरून बदलतो. नुसतं फ्रुसेमाइड किंवा थायझाइड घेणाऱ्याला, मूत्रपिंड चांगलं असेल तर, अर्धापूरची केळी, जालन्याची मोसंबी, नारळपाणी हे सगळं चांगलं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड कमजोर असून स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल सोबत चालू असेल, तर हीच फळं रोज भरपूर खाणं घातक ठरू शकतं. "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, अशा रुग्णानं ते अजिबात वापरू नये. सैंधव मीठ मात्र जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. उपवासाला चालतं म्हणून सुजेला चालत नाही.

याच नळीत पाण्याची स्वतंत्र दारंही असतात. टॉल्वॅप्टान ती बंद करतं, म्हणजे मीठ न जाता नुसतं पाणी जातं. सोडियम फार उतरलेल्या काही रुग्णांना ते रुग्णालयात, वारंवार रक्त तपासत देतात.

गोळी चालेनाशी का होते

पहिले काही दिवस भरपूर लघवी, मग तीच गोळी मंद. काही अंशी हे शरीराचं संरक्षण आहे. लूपमधून सुटून आलेलं मीठ रोज अंगावर आलं की काही आठवड्यांत दूरच्या नळीच्या पेशी मोठ्या होतात आणि जास्त मीठ उचलू लागतात. तेव्हा डॉक्टर लूपच्या गोळीला मेटोलाझोन २.५ मिलिग्रॅमसारखं थायझाइड जातीचं औषध थोडे दिवस जोडतात. ही जोडी फार जोरदार असते. पोटॅशियम आणि सोडियम दोन-तीन दिवसांत कोसळू शकतं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय ती महिनोन्‌महिने चालू ठेवू नये.

पण त्याआधी बघायच्या दोन गोष्टी घरातच असतात. पहिली ताटात. फ्रुसेमाइड दिवसातले सहा तास मीठ काढतं, उरलेले अठरा तास मूत्रपिंड मिळेल ते मीठ धरून ठेवतं. त्या अठरा तासांत ठेचा, लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, वरून घातलेलं मीठ आलं की सकाळी काढलेलं संध्याकाळी परत भरतं. भाकरीत मीठ घालायचं बंद करणं आणि लोणचं-पापड ताटातून काढणं याचा फरक काही दिवसांतच वजनकाट्यावर दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मूत्रपिंडातला रक्तप्रवाह घटवतात, मीठ धरून ठेवतात आणि फ्रुसेमाइडची वाटही अडवतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही एकत्र आले, त्यात उन्हानं किंवा जुलाबानं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडू शकतं. ऊसतोडीवर किंवा आषाढी वारीत चालणाऱ्या, गुडघेदुखीसाठी रोज गोळी खाणाऱ्या माणसानं हे आवर्जून लक्षात ठेवावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल विचारून घ्यावं. उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं थांबलं, तर त्याच दिवशी फोन करून लघवीची गोळी, डापाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन तात्पुरती थांबवायची का ते विचारावं.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, तशाच कपड्यांत वजन करून वहीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर पाणी साचतंय, डॉक्टरांकडे जावं. वजन सारखं उतरत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, जीभ कोरडी पडत असेल, तर डोस जास्त होतोय. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जानेवारीचा डोस एप्रिलमध्ये जड पडतो, म्हणून मार्चच्या अखेरीस एकदा तो तपासून घेणं शहाणपणाचं.

जिथं या गोळ्यांचा उपयोग नाही

पायाची प्रत्येक सूज मिठाची नसते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिन गोळीनं, विशेषतः १० मिलिग्रॅमच्या डोसनं, घोट्यांवर सूज येते. ती केशवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे, शरीरात मीठ साचल्यामुळे नाही. तिथं लघवीची गोळी दिली तर सूज फारशी हलत नाही, सोडियम-पोटॅशियम मात्र बिघडतं आणि एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी लागते. अम्लोडिपिनचा डोस कमी केला किंवा सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध दिलं की ती उतरते. फुगलेल्या निळ्या शिरांची सूज रात्री पाय उशीवर ठेवून आणि दाब देणाऱ्या मोज्यांनी कमी होते. हत्तीपायाची सूज या गोळ्यांनी जात नाही, तिथं पायाची रोजची स्वच्छता, पट्टी आणि व्यायाम लागतो. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्या वेळी मेडिकलवर न थांबता थेट रुग्णालय गाठावं.